पेरणीच्या घाईत मेडेवरची (शेताच्या बांधावरची) झाडं काढू नका

मृग आता आलाच, इंदूरजवळ सांवेर-देपालपूरकडे ट्रॅक्टर निघालेत आणि त्यांच्या मागे जेसीबीपण, मेड सरळ करायची म्हणून बाभूळ, पळस, बोर सगळं एका दुपारीत उपटतात. हात जोडून सांगतो, यंदा नका करू.

नरवाईच्या, म्हणजे कापणीनंतर उरलेली धसकटं जाळण्याच्या आगीत बूड काळं पडलं म्हणजे झाड गेलं असं नसतं. आमच्या मेडेवरचा पळस एप्रिलमध्ये पार करपला होता, परवा वाकून बघितलं तर बुडाशी मखमलीसारखी तपकिरी कोवळी पानं! असे पाच-सहा फुटवे येतात, त्यातला सरळ आणि जाड एकच ठेवा, बाकीचे कोयत्याने काढा, भोवती बोरीच्या काटेरी फांद्या रोवा म्हणजे शेळ्या तोंड घालत नाहीत. विकतच्या रोपापेक्षा हा भराभर वाढतो, कारण मूळ आधीच खोल गेलेलं असतं.

झाबुआ-अलीराजपूरकडचे भील-भिलाले भाऊ शेतातल्या मोहाला, ताडाला हात लावत नाहीत, नांगर वळसा घालून जातो. मोहाच्या फुलांवर रात्री वटवाघळं येतात आणि पहाटे बायका-पोरं तीच फुलं वेचतात, एका झाडावर किती जणांचं पोट आहे बघा.

सावलीची भीती खोटी नाही, झाडाखालच्या दोन-चार ओळी कमजोर येतातच. म्हणून खालच्या फांद्या आत्ताच छाटा, शेंडा सोडा, पण आधी घरटं आहे का ते बघा कारण कोतवाल पक्ष्याची पिल्लं याच दिवसांत असतात आणि सोयाबीनवरचे पतंग, अळ्या तोच उचलतो. पक्षी बसावेत म्हणून आपण नंतर शेतात काठ्या रोवतो, मग उभं झाड कशाला काढायचं?

नवीन लावायचं तर कडुनिंब, जांभूळ, मोह यांचं बी पडेल तसं ताजंच लावा, ठेवलं की उगवत नाही. देशी बाभळीचं बी शेळ्यांच्या गोठ्यात शोधा, शेळी शेंगा खाऊन रवंथ करताना जे बी टाकते त्याचं टणक साल नरम झालेलं असतं, ते छान उगवतं. विलायती बाभूळ मात्र अजिबात नको, ती पसरते आणि खाली दुसरं काही येऊ देत नाही.

सोयाबीन तसंही १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नसतं, इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था दरवर्षी हेच सांगते. ते वाट बघण्याचे दिवस मेडेला द्या. काळी माती भिजली की पहारीने वीतभर भोक पाडा, मातीने जवळजवळ भरून घ्या, वर बाभळीच्या दोन-दोन बिया टाका आणि बोटाच्या जाडीएवढी माती लोटा.