लाइन ग्राफ शिकायचाय? राजाराम बंधाऱ्याचे आकडे घ्या

डेटाच्या कामात नव्याने येणारी मुलं विचारतात, सराव कशावर करायचा? मी सांगते, पावसाळाभर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी लिहून काढा. आकडे रोज जाहीर होतात, आणि 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीलाच फूट-इंच आडवे येतात. 39 फूट 6 इंच म्हणजे 39.6 नव्हे, 39.5. इंचांना 12 ने भागायचं आणि फुटांत मिळवायचं. तसं न करता इंच नुसते टिंबापुढे लिहिले, तर 9 इंचांवरून 11 इंचांवर चढलेलं पाणी 39.9 वरून 39.11 वर उतरलेलं दिसतं. ऐन पुरात असा आलेख कुणाच्या हाती पडला तर काय होईल, विचार करा.

नोंदी कधी तासाला, कधी सहा तासांनी असतील, तर एक्सेलमधला साधा लाइन चार्ट नको. स्कॅटर चार्ट घ्या आणि बिंदू रेषेने जोडा, म्हणजे वेळेचं अंतर खरं राहतं. नोंद हुकली तर चौकट रिकामी ठेवा, शून्य भरू नका. 39 आणि 43 वर आडव्या रेषा मारून ठेवा.

आता रेषेचा चढ वाचा. मला विचाराल तर लाइन ग्राफ काढायचा तो यासाठीच. पाणी 41 फुटांवर आहे एवढ्याने नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीच्या माणसाला जनावरं कधी हलवायची ते कळत नाही. तासाला 3 इंच चढत असेल तर 43 फूट गाठायला 8 तास, 1 इंच असेल तर 24. अर्थात चाल तीच राहिली तर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ती बदलू शकते, म्हणून ती वेळ उभ्या रेषेने दाखवा.

2019 चा महापूर ऑगस्टमधला, 2021 चा जुलैअखेरचा. तारखेवर मांडले तर दोन्ही रेषा लांब लांब पडतात. त्यापेक्षा पाणी 39 फुटांवर पोचलं तो क्षण दोन्हीकडे शून्य धरा, म्हणजे कुणाचा चढ उभा आणि कुणाचा उतार लांबला हे लगेच दिसतं. मार्केट यार्डातल्या गुळाच्या दरालाही हेच लावून बघा. दिवाळी पाडव्याची तारीख दरवर्षी हलते, म्हणून पाडव्याला होणाऱ्या मुहूर्ताच्या सौद्यापासून दिवस मोजा.