ऑन्टॉलॉजीतून हवा तेवढाच भाग काढताय? या चुका टाळा

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संज्ञा आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी मांडलेली रचना. जीन ऑन्टॉलॉजीसारख्या (जनुकांच्या कार्याच्या संज्ञांची) मोठ्या ऑन्टॉलॉजीतून कामापुरता व्ह्यू, म्हणजे हवा तेवढा भाग, काढताना बहुतेकांचा हात आधी स्पार्कल या क्वेरी भाषेतल्या कन्स्ट्रक्टकडे (निवडलेल्या विधानांतून नवा डेटा बांधणाऱ्या क्वेरीकडे) जातो. पहिली चूक तिथेच होते.

'माइटोकॉन्ड्रियल एन्व्हलप' (गो:०००५७४०) हा 'माइटोकॉन्ड्रिअन'चा (गो:०००५७३९) भाग आहे. हे नातं फाइलमध्ये सरळ एका ट्रिपलमध्ये (कर्ता-नातं-कर्म अशा तीन भागांच्या विधानात) नसतं. उपवर्गाचं ट्रिपल एका निनावी नोडकडे जातं आणि त्या नोडवर तीन गोष्टी टांगलेल्या असतात: प्रकार रिस्ट्रिक्शन (नात्यावरची अट), ऑनप्रॉपर्टी (कोणतं नातं) आणि समव्हॅल्यूजफ्रॉम (कशाशी नातं). क्वेरीत फक्त उपवर्गाचं ट्रिपल उचललं, तर हाती लोंबकळता नोड येतो. लेबलं, पदानुक्रम सगळं जागेवर दिसतं, फक्त 'भाग आहे' हे नातं गायब. स्पार्कल मात्र कुठलीच एरर देत नाही! चारही ट्रिपल उचलली की साधं रिस्ट्रिक्शन वाचतं. इंटरसेक्शनच्या व्याख्या ('हेही आणि तेही' अशा अनेक अटी जोडणाऱ्या) आल्या की त्या आरडीएफ याद्यांत, म्हणजे एकात एक गुंफलेल्या ट्रिपलमध्ये, लिहिलेल्या असतात आणि त्यांची खोली आधी सांगता येत नाही. तेव्हा स्पार्कल सोडा आणि 'रोबॉट' या कमांड-लाइन टूलची एक्स्ट्रॅक्ट कमांड वापरा.

तिथे पद्धत निवडताना गोंधळ होतो. 'बॉट' बीज संज्ञांपासून (तुम्ही मागितलेल्या संज्ञांपासून) वर चढते आणि त्यांच्या पूर्वजांसह अर्थ टिकवते. 'टॉप' खाली उतरते. वरच्या पातळीची एखादी संज्ञा दिली तर निम्मी ऑन्टॉलॉजी अंगावर येते. 'स्टार' दोन्ही आलटून पालटून, निकाल बदलायचा थांबेपर्यंत चालवते, म्हणून या तिघींत मॉड्यूल (काढलेला भाग) सर्वांत लहान मिळतं. 'मिरिऑट' फक्त पदानुक्रम आणते. रीझनरला (विधानांवरून नवे निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रामला) लागणारी बाकीची विधानं तिच्यात शोधू नका.

स्टारचा एक खोडा मात्र लक्षात ठेवा. बीजात नुसता एन्व्हलप दिला, नातंही नाही आणि माइटोकॉन्ड्रिअनही नाही, तर साधं 'भाग आहे' विधान गळू शकतं. तार्किकदृष्ट्या ते बरोबरच आहे, कारण त्या दोन शब्दांबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नसतं. म्हणून टर्म फाइलमध्ये (बीज संज्ञांच्या यादीत) बीएफओ:०००००५० ही 'भाग आहे' प्रॉपर्टीही लिहा. आमच्या मते शंका असेल तर बॉट घ्यावी. आकार थोडा वाढला तरी चालतो.

ऑन्टॉलॉजीचे इम्पोर्ट (तिने आत घेतलेल्या दुसऱ्या ऑन्टॉलॉजी) वेगळ्या फाइल्समध्ये असतील तर आधी मर्ज, मग एक्स्ट्रॅक्ट.

तपासणी साधी आहे. मूळ ऑन्टॉलॉजी आणि व्ह्यू, दोन्हींवर एकच रीझनर चालवा आणि बीज संज्ञांमधली उपवर्ग-नाती ताडून पाहा. मूळातलं एखादं नातं व्ह्यूत दिसलं नाही, तर कात्री चुकीच्या जागी लागली. एल्क हा रीझनर वेगवान आहे, पण त्याची झेप ओडब्ल्यूएल २ ईएल या ऑन्टॉलॉजी भाषेच्या मर्यादित रूपापुरती. युनियन ('हे किंवा ते') किंवा इन्व्हर्स प्रॉपर्टी (उलट दिशेचं नातं) असतील तर हर्मिट या दुसऱ्या रीझनरने पाहा.

व्ह्यूला स्वतःचा आयआरआय (वेब-पत्त्यासारखी ओळख) द्या. मूळचाच ठेवला तर प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये दोन्ही एकत्र उघडताना टक्कर होते. व्हर्जन आयआरआयमध्ये तारीख घाला आणि मूळ ऑन्टॉलॉजीचं कोणतं प्रकाशन वापरलं ते टिपणीत लिहा, नाहीतर पुढच्या वेळी फरक कशाशी ताडायचा हेच कळत नाही.