आवारातल्या रिकाम्या कोपऱ्यात काय ठेवावं?

विलेपार्ल्यात आमच्यासारख्या ज्या जुन्या तीन-चार मजली इमारती उरल्या आहेत, त्यांच्या आवारात एक तरी कोपरा असा असतोच, जिथे मोडक्या कुंड्या, उरलेल्या लाद्या आणि कुणाची तरी गंजलेली सायकल साठत जाते. सोसायटीची बाग माझ्याकडे असल्यामुळे आजूबाजूच्या इमारतींतली मंडळी विचारायला येतात, "ताई, कोपरा साफ करून घेतला. आता तिथे काय ठेवू? कारंजं बरं दिसेल का?" मी त्यांना आधी दोनच गोष्टी बघायला सांगते. तो कोपरा कुठून दिसतो, आणि तिथे रोज कोण थांबतं. जी वस्तू रोज कुणाच्या तरी उपयोगी पडते तीच सोसायटीच्या आवारात टिकते, कारण तिची काळजी घ्यायला आपसूक माणूस मिळतो. नुसत्या शोभेच्या वस्तूला पहिल्या पावसाळ्यानंतर कुणी वाली राहत नाही.

आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या की जिना चढण्याआधी त्याच कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. "इथं जरा टेकायला कर गं काहीतरी," म्हणाल्या, आणि आमचा प्रश्न तिथेच सुटला. तुमच्या कोपऱ्यात असं कोण थांबतं ते आठवडाभर बघा. दुपारी वॉचमनकाका तिथे डबा खातात का, मुलं शाळेच्या बसची वाट बघत तिथे उभी राहतात का? कुणीच थांबत नसेल आणि कोपरा फक्त खिडक्यांतून दिसत असेल, तर तिथे बाकडं टाकण्यात अर्थ नाही. तिथे झाड लावा.

मग खाली काय आहे ते तपासा. मुंबईत कोपरा रिकामा राहतो त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं. खाली ड्रेनेजचं चेंबर असतं, पाण्याच्या मीटरची पेटी असते, नाहीतर जमिनीखालच्या टाकीचा स्लॅब असतो. चेंबरवर पक्कं काहीही बांधू नका. ते तुंबलं की सगळं फोडावं लागेल. टाकीच्या स्लॅबवर वजन नको. दोन फूट व्यासाच्या, दीड फूट खोल कुंडात नुसतं पाणीच साधारण 130 किलो मावतं, सिमेंट आणि माती वेगळीच. जमीन मोकळी असेल तर केबल कुठून गेली आहे ते सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या आणि मग दोन-तीन जागी पहार ठोकून बघा. वीतभर मातीखाली राबिट, म्हणजे जुन्या बांधकामाचा तुटका-फुटका माल लागला, तर झाडासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन ते उपसावं लागणार, हे खर्चात धरा.

उन्हाचा अंदाज एका दिवसात येत नाही. इमारतीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्याबद्दल लोक हमखास फसतात. डिसेंबरात मुंबईत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे 40 फूट उंच इमारतीची सावली उत्तरेला 36-37 फूट पसरते. त्या दिवसांत या कोपऱ्याला ऊन मिळतच नाही. मेच्या मध्यावर मात्र सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊनही उत्तरेच्या बाजूने येऊन त्याच कोपऱ्याला भाजून काढतं. हिवाळ्यात बघून "इथे सावली आहे" म्हणत नाजूक पानांची झाडं लावली, तर ती एप्रिल-मेमध्ये करपतात. दोन्ही ऋतूंत बघणं जमलं तर उत्तम. नसेल जमत, तर शेजाऱ्यांना विचारा. तळमजल्यावर राहणाऱ्यांना ऊन कधी कुठे येतं ते बरोबर माहीत असतं.

पावसाचं पाणी कुठे साचतं तेही त्यांनाच विचारा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा दिवस रोज येत नाही, पण साध्या जुलैतही कुठल्या कोपऱ्यात घोटाभर पाणी राहतं हे जुन्या रहिवाशांना पाठ असतं. अशा सखल कोपऱ्यात आधी जागा विटेच्या एक-दोन थरांनी उचलून घ्या.

आता वस्तूंकडे येते. माझा सगळ्यात जास्त विश्वास कट्ट्यावर आहे. लोखंडी बाक इथल्या खाऱ्या, दमट हवेत बुडापासून गंजतं, आणि त्याला दरवर्षी रंग लावत बसावं लागतं. त्यापेक्षा विटांच्या दोन आधारांवर कडप्प्याची नाहीतर कोट्याची लादी घाला. उंची 18 इंच ठेवा. त्याहून खाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना गुडघे साथ देत नाहीत. लादीची पुढची कड गोल करून घ्या आणि बसायची बाजू आरशासारखी घोटलेली नको, पावसात घसरायला होतं. लादीला पुढच्या बाजूला किंचित उतार दिला की पाणी साचत नाही, शेवाळ कमी धरतं. कडप्पा काळा असल्यामुळे उन्हात तापतो, म्हणून कट्ट्याच्या पश्चिमेला झाड हवं. दुपारनंतरची सावली मग बरोबर बसणाऱ्यावर पडते. आणि कट्ट्याखालची जागा एकतर पूर्ण मोकळी ठेवा, नाहीतर पूर्ण बुजवा. अर्धवट पोकळी दिसली की तिथे घुशी बिळं करतात.

दुसरी माझी आवडती गोष्ट विकत आणावीच लागत नाही. जुन्या इमारतीत जिन्याखाली बघा, मिक्सर आल्यावर कुणीतरी ठेवून दिलेला दगडी रगडा नाहीतर उखळ तिथे सापडेल. पक्ष्यांच्या पाण्यासाठी त्याहून चांगलं भांडं नाही. बाजारात मिळणारी चिनी मातीची भांडी गुळगुळीत असतात आणि पक्ष्यांचे पाय सटकतात. रगड्याच्या कडेवर पाथरवटाच्या छिन्नीचे बारीक घाव असतात, त्यांत नखं रुततात. बुलबुल आधी कडेवर बसतो, मान तिरकी करून चारी बाजू न्याहाळतो आणि मगच पाण्यात उतरतो. खळगा खोल असेल तर चपटे गोटे घालून पाणी दोन इंचांपर्यंतच ठेवा. रगडा झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं. पाच-सहा फूट मोकळी जागा राहू दे. दाणे मात्र टाकू नका. दाणे टाकले की कबुतरं जमतात आणि बाकीचे पक्षी येईनासे होतात, वर सगळ्या खिडक्या घाण होतात. पाणी रोज काथ्याने घासून बदलायचं. ते काम नावानिशी कुणीतरी अंगावर घेतलं असेल तरच रगडा ठेवा. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यू झाला तर तो आपल्याच इमारतीतल्या लेकरांना होतो.

कमळाचं म्हणजे खरं तर कुमुदिनीचं कुंड रोज पाच-सहा तास ऊन असलेल्या कोपऱ्यात फार देखणं दिसतं. तळाला चिकट माती घाला, कोकोपीट तरंगून वर येतं. गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. कुंडाच्या काठाखाली एक भोक पाडून त्याला जाळी लावा, नाहीतर मुसळधार पावसात मासे वाहून जातात. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर हाच पर्याय घ्या, कुंड उचलून नेता येतं.

कारंजं नको. पंप गाळाने अडकतो, मग कुणी दुरुस्त करत नाही आणि खाली डासांचं तळं उरतं. फायबरचे हरीण-बगळे दोन उन्हाळ्यांत रंग सोडतात. देवाची मूर्ती रोज पूजा करणारं घर असेल तरच. तुळशी वृंदावनाचंही तसंच. शिवाय तुळस पाणी साचलं की मरते, म्हणून वृंदावनाला खाली भोक हवंच.

झाडाची निवड करताना भिंतीपासून किती अंतर आहे ते आधी मोजा. चार-पाच फूटच असेल तर पारिजातक, कुंती, तगर किंवा कढीपत्ता घ्या. कढीपत्त्यावर आणि लिंबावर मॉर्मन फुलपाखरं अंडी घालतात. अळ्यांनी थोडी पानं खाल्ली तर खाऊ द्या. बकुळ मला जिवापाड आवडते, पण ती पुढे मोठा वृक्ष होते, तिला प्रशस्त जागाच हवी. पिंपळ, वड, उंबर आणि रबर चेंबरजवळ लावू नका, मुळं पाइपात शिरतात. झाड मोठं झाल्यावर नको वाटलं तर ते सहज काढताही येत नाही. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

ठरलं असं वाटलं की पंधरा दिवस नकली वस्तू ठेवून बघा. कट्ट्याच्या जागी दोन खुर्च्या, कुंडाच्या जागी उलटी बादली, झाडाच्या जागी झाडाइतका उंच बांबू. गाड्या वळवताना अडचण होते का, कुणाची खिडकी झाकते का, ते याच दिवसांत कळतं. मग सभेत बोला. खुर्च्यांवर माणसं बसलेली सगळ्यांनी पाहिली असली की फार वाद होत नाही.

खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. लाल माती, त्याच्या तिसरा हिस्सा शेणखत आणि दोन मुठी कडुनिंबाची पेंड असं मिश्रण भरा आणि जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर रोप लावा. बांबूला सुतळीने बांधताना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या, आणि दिवाळीनंतर ती सुतळी सोडून पुन्हा सैल बांधा, म्हणजे खोडाला काच पडत नाही.