इंजिनाची ताकद घरच्या घरी: आधी हवा, मग ठिणगी, खर्चाचं नंतर

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा 42 च्या वर गेला की एसी लावलेली 1.2 लिटरची पेट्रोल गाडी ओव्हरटेक करताना दम टाकते. मग कोन फिल्टर (डब्याविना बसणारा शंकूसारखा एअर फिल्टर) आणि फ्री-फ्लो (कमी अडथळ्याच्या) सायलेन्सरची चौकशी सुरू होते. लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीत त्याआधी मूळची हरवलेली ताकद शोधावी. ती बहुतेकदा हजार-दोन हजारांत परत मिळते.

आधी मोजमाप. पहाटे तुळजापूर रोडवर मोकळा, सपाट टप्पा बघा. तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 चा वेग गाठायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्याने मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढून मोजावं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. म्हणजे वारा आणि चढ वजा होतो. गळिताच्या हंगामात अंधारात हा उद्योग नको, उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही.

हवा तापली की विरळ होते. दर 10 अंशांना साधारण 3 टक्के प्राणवायू कमी मिळतो. शिवाय गरम हवेने नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड) सुरू झालं की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आणखी घटते. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेलीच हवा ओढतो. आवाज भारदस्त येतो, गाडी मात्र सिग्नलवरून उठताना मंद. कंपनीचा बंद डबा आणि ग्रिलकडून येणारी नळी तशीच ठेवा. नळी निखळली आहे का, डब्याच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का, हे पाहा. फटीतून आत गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगा खाते. गाडीच्या पुस्तकात कागदी फिल्टर 40,000 किलोमीटरला बदला असं लिहिलं असेल, तर इथल्या धुळीत 20,000 ला बदला. तेल लावलेला कापडी फिल्टर घेतलाच तर तेल बेताने; जास्त झालं की ते एअरफ्लो सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) बसतं.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग) साफ करताना चावी बंद हवी. क्लीनर फडक्यावर मारून काळा थर पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर देऊन उघडू नका, आतले गिअर तुटतात. नंतर एसी बंद ठेवून पंखा लागेपर्यंत गाडी आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू द्या. आयडल चढलेलंच राहिलं तर स्कॅनरने रीलर्न करून घ्यावं लागतं, म्हणजे झडपेची जागा ईसीयूला पुन्हा शिकवावी लागते.

स्पार्क प्लग इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा, हेड ॲल्युमिनियमचं असतं. प्लगवरची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) काढल्यावर खड्ड्यातली धूळ आधी हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं तेलकट म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. गॅप (प्लगच्या दोन टोकांतलं अंतर) पुस्तकाप्रमाणे, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने). इरिडियमच्या टोकाला मात्र गेज घालून उचकू नका. नवा वॉशरवाला प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा फेरा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळता येणारा) असेल तर उत्तमच. आट्यांना ग्रीस लावायची सवय सोडा, त्यामुळे प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. इरिडियमने ताकद वाढत नाही, तो टिकतो जास्त.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच नको. इथल्या जड पाण्याचा क्षार आत बसतो. तयार मिसळलेला कूलंट भरा. जाळीतली माती इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा.

एवढं करूनही गाडी ओढत नसेल तर कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा. सगळे प्लग बाहेर, इंजेक्टरची जोडणी काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडरांत 15 टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुढचे पैसे इंजिन उघडण्यासाठी राखून ठेवा.

सायलेन्सर बदलून साध्या पेट्रोल इंजिनात हाती लागतो तो आवाज आणि दंडाची पावती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला तर इंजिनाचा दिवा लागतो, पीयूसीचीही अडचण.

खरा फरक रीमॅपने (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून) पडतो, तोही टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) गाडीत. तिथे 15 ते 25 टक्के मिळू शकतात, साध्या पेट्रोलमध्ये जेमतेम 5. पण हे घरी करायचं काम नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, वॉरंटी जाते आणि विमा कंपनी दावा अडवू शकते. एवढं पत्करून करायचंच ठरवलं तर ईसीयूची मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. आणि आधी क्लच बघा: चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, असं असेल तर क्लचला वाढीव टॉर्क (फिरवण्याचा जोर) झेपणार नाही. आधी क्लच प्लेट बदला.