प्रशिक्षणाच्या निविदेतील गुणांकनावर आक्षेप कसा घ्यावा

यशदा, बार्टी, सारथी या राज्य शासनाच्या प्रशिक्षण व संशोधन संस्थांची मुख्यालये पुण्यात आहेत. दोन महापालिका, जिल्हा परिषद आणि कितीतरी आयुक्तालयेही येथेच आहेत. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या वर्गांपासून कर्मचाऱ्यांच्या संगणक प्रशिक्षणापर्यंतच्या निविदा भरणे हे शहरातील लहान प्रशिक्षण संस्थांचे नित्याचे काम झाले आहे. खुर्च्या किंवा कागद खरेदी करताना नमुना तपासता येतो. प्रशिक्षणात मात्र प्रशिक्षकांचा अनुभव, अभ्यासक्रमाची आखणी आणि सादरीकरण यांना गुण द्यावे लागतात, आणि वाद उभा राहतो तो तेथेच. अशा निविदांच्या फाइली मी अनेक वर्षे तयार करत आलो आहे. बहुतेक आक्षेप फेटाळले जातात, कारण त्यांत ‘आम्ही अधिक चांगले आहोत’ एवढेच म्हटलेले असते. कार्यालय असो वा न्यायालय, ऐकून घेतला जातो तो एकच मुद्दा: जे निकष जाहीर केले, त्यांप्रमाणेच गुण दिले गेले का?

म्हणून आक्षेपाची तयारी निकालानंतर नव्हे, तर निविदापूर्व बैठकीच्या, म्हणजे निविदा भरण्याआधी इच्छुकांच्या शंका ऐकणाऱ्या बैठकीच्या, आधी सुरू करावी. मूल्यमापनाचे प्रकरण हातात कॅल्क्युलेटर घेऊन वाचावे. समजा, तांत्रिक गुणांना 70 आणि दराला 30 टक्के भार आहे; सर्वांत कमी दराला पूर्ण 30 गुण आणि इतरांना त्या प्रमाणात कमी. ‘अ’ संस्थेला तांत्रिक 80 गुण असून तिचा दर 15 लाख रुपये आहे, तर ‘ब’ संस्थेला 72 गुण असून तिचा दर 12 लाख आहे. मिळालेले तांत्रिक गुण जसेच्या तसे धरले, तर ‘अ’चे 56 अधिक 24 असे 80 होतात आणि ‘ब’चे 50.4 अधिक 30 असे 80.4 होतात, काम ‘ब’ला जाते. सर्वाधिक तांत्रिक गुणांना 100 मानून इतरांचे गुण त्या प्रमाणात काढले, तर ‘अ’चे 94 आणि ‘ब’चे 93 होतात; काम ‘अ’ला जाते. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. निविदेत कोणती हे स्पष्ट नसेल, तर तो प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर शुद्धिपत्रकात आणण्याचा आग्रह धरावा, कारण शुद्धिपत्रक निविदेचाच भाग बनते आणि बैठकीतले तोंडी उत्तर नंतर कोणालाच आठवत नाही. उलाढालीची किंवा अनुभवाची अट जाचक वाटत असेल, तर तीही हरकत याच टप्प्यावर घ्यावी. अट मुकाट्याने स्वीकारून निविदा भरणाऱ्याची तक्रार नंतर क्वचितच ऐकली जाते.

निविदेत तांत्रिक प्रस्ताव आणि दर वेगवेगळ्या लिफाफ्यांत असतात. तांत्रिक लिफाफ्याचा निकाल राज्याच्या ई-निविदांच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर दिसताच आपला स्वतःचा गुणतक्ता मांडावा: निकषाचा कलम क्रमांक, अपेक्षित गुण, मिळालेले गुण, आणि पुराव्याचा पृष्ठ क्रमांक. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या निविदेत दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या प्रत्येक प्रशिक्षकामागे दोन गुण होते. आम्ही पाच प्रशिक्षक दाखवले होते आणि गुण मिळाले आठ; शेरा होता ‘अनुभव अपुरा’. एका प्रशिक्षिकेची अनुभव प्रमाणपत्रे दोन होती, एक पृष्ठ 87 वर आणि दुसरे पृष्ठ 91 वर, आणि मधली पाने दुसऱ्याच कागदपत्रांची होती. तपासणाऱ्याने पहिलेच प्रमाणपत्र मोजले होते. आमचे पत्र एका पानाचे होते. त्यात ही दोन पृष्ठे आणि कलम क्रमांक यांपलीकडे काहीही नव्हते. दोन गुण परत मिळाले. काम मिळाले नाही, कारण आमचा दर जास्त होता. पण तेव्हापासून एका व्यक्तीची सर्व कागदपत्रे सलग लावल्याशिवाय मी फाइल अपलोड करू देत नाही.

नजरचुकीपेक्षा गंभीर प्रकार म्हणजे निविदेत नसलेला निकष लावणे किंवा एकाला लावलेली अट दुसऱ्याला माफ करणे. येथे आक्षेप सर्वांत भक्कम असतो. शासकीय संस्थेने स्वतः ठरवलेली पात्रता तिच्यावरही बंधनकारक असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने रमणा शेट्टी प्रकरणात 1979 मध्येच मांडले आहे. याउलट, ‘आमच्या सादरीकरणाला 20 पैकी 11 गुण का?’ या प्रश्नावर जिंकणे जवळपास अशक्य असते. त्यासाठी वेळ दवडू नये.

पत्र निविदा स्वीकृती प्राधिकाऱ्याच्या नावे लिहावे, निविदेत आक्षेपाची मुदत दिली असल्यास ती काटेकोर पाळावी, आणि निर्णय होईपर्यंत आर्थिक (दराचा) लिफाफा उघडू नये अशी स्पष्ट मागणी करावी. दर उघड झाल्यानंतर केलेला आक्षेप हरलेल्याची तक्रार वाटतो. ईमेल पाठवला तरी छापील प्रत आवक-जावक कक्षात नेऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. भ्रष्टाचाराचे आरोप पुराव्याविना करू नयेत. त्यामुळे खरा मुद्दाही संशयास्पद ठरतो. आणखी एक चूक वारंवार दिसते: राज्याच्या कार्यालयाला केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 दाखवले जातात. राज्याच्या विभागांच्या खरेदीसाठी उद्योग विभागाचा 1 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय आणि त्यासोबतची नियमपुस्तिका पाहावी. केंद्राच्या कार्यालयाची निविदा असेल, तर त्या वित्तीय नियमांतील पारदर्शकतेविषयीचा नियम 173 उपयोगी पडतो. शिवाय केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी सल्लासेवा वगळता इतर सेवांच्या गुणांकनात दराव्यतिरिक्त निकषांच्या भाराला 30 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, तीही तपासावी.

माहिती अधिकाराचा अर्ज आक्षेपाच्याच दिवशी करावा. समितीचा गुणदान तक्ता आणि बैठकीचे इतिवृत्त एवढेच मागावे. प्रतिस्पर्ध्याचा पूर्ण प्रस्ताव मागितल्यास व्यावसायिक गोपनीयतेचे कलम 8(1)(घ) पुढे केले जाते. उत्तराची मुदत 30 दिवसांची असल्यामुळे कार्यादेश रोखण्यासाठी मात्र या अर्जावर विसंबू नये.

शेवटचा मार्ग उच्च न्यायालयाचा. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असले, तरी पुणे जिल्हा त्यात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालील याचिका मुंबईलाच करावी लागते. न्यायालय पुन्हा गुण देत बसत नाही. टाटा सेल्युलर (1994) आणि जगदीश मंडल (2007) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर तपासले जाते ते एवढेच की निर्णय दुष्ट हेतूने, पक्षपाताने किंवा मनमानीने घेतला गेला का, आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा पोहोचते का. एन. जी. प्रोजेक्ट्स (2022) प्रकरणात तर स्थगितीऐवजी नुकसानभरपाईचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने सुचवला. आठ-दहा लाखांच्या कामासाठी याचिकेचा खर्च परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मोठ्या कामात निकषच बदलल्याचे कार्यालयाच्या लेखी उत्तरातून दिसत असेल, तर कार्यादेश निघण्यापूर्वी, त्याच आठवड्यात वकिलांकडे जावे. सोबत मूळ निविदा, सर्व शुद्धिपत्रके, शिक्क्याची प्रत आणि निकालाच्या दिवशीच तारीख-वेळेसह जतन केलेली संकेतस्थळाची पाने न्यावीत.