काडीकचऱ्यातून साखर मोकळी करताना या चुका टाळा

साखर कमी सुटली की बहुतेक नवशिके पहिला दोष साखर सोडवणाऱ्या एन्झाइमला देतात, आणि खरी चूक बहुधा त्याआधीच, पूर्वप्रक्रियेत, म्हणजे आम्लाने किंवा अल्कलीने काडाची घट्ट रचना सैल करण्याच्या टप्प्यात झालेली असते. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आम्लात शिजवून धुतलेला लगदा ओव्हनमध्ये कोरडा करणे. वजन करायला सोपे जाते म्हणून हा आडमार्ग घेतला जातो. परंतु पाणी निघून जाताना सेल्युलोजच्या (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांच्या) तंतूंमधील सूक्ष्म छिद्रे मिटतात, पुन्हा भिजवल्यावरही ती पूर्ववत उघडत नाहीत आणि एन्झाइमला आत शिरायला वाट उरत नाही. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने गव्हाच्या काडाचा जवळजवळ सगळा लगदा १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवला. ग्लुकोज फारच कमी मिळाले, म्हणून त्याने एन्झाइमची मात्रा वाढवली, मग नवी बाटली मागवली, बफरही (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) बदलला. अखेर त्याच खेपेतला शीतकपाटात उरलेला ओला लगदा जुन्याच एन्झाइमबरोबर ठेवून पाहिला, तेव्हा साखर व्यवस्थित सुटली. मी लगदा ओलाच, घट्ट झाकणाच्या डब्यात ४ अंशांवर ठेवतो. ओलावा मोजण्यापुरता छोटा नमुना वेगळा वाळवतो आणि मोजून झाल्यावर तो टाकून देतो.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. आम्लाची तीव्रता, तापमान आणि वेळ ही तिन्ही एकदम वाढवली, तर हेमिसेल्युलोजमधून (काडातल्या सेल्युलोजच्या जोडीच्या घटकातून) सुटलेल्या झायलोज या साखरेचे फरफ्युरल होते, ग्लुकोजचाही काही भाग मोडून वाया जातो, आणि असे तयार झालेले पदार्थ पुढे साखर आंबवून इथेनॉल बनवणाऱ्या यीस्टची वाढ रोखतात. भांडे ठरलेल्या तापमानाला पोहोचेपर्यंतचा आणि निवेपर्यंतचा काळही प्रक्रियेतच धरावा लागतो; म्हणून मी वेळ संपताच भांडे थंड पाण्यात बुडवतो.

माती चिकटलेला कच्चा माल आधी धुवावा, कारण मातीतले कार्बोनेट आम्ल खाऊन टाकते. अल्कलीने प्रक्रिया केली असेल, तर धुऊन झाल्यावर सामू सुमारे ५ वर आल्याची खात्री करूनच सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारे एन्झाइम) घालावे. साधे बेकरी यीस्ट झायलोज आंबवत नाही, तेव्हा एकूण साखरेवरून इथेनॉलचा अंदाज बांधू नये. आणि उतारा काढताना हे ध्यानात ठेवावे की विघटनात पाणी जोडले जाते, त्यामुळे १०० ग्रॅम सेल्युलोजपासून जास्तीत जास्त १११ ग्रॅम ग्लुकोज मिळते; हा गुणक विसरला, तर ९० टक्के विघटन पूर्ण विघटन म्हणून नोंदले जाते.