आश्रयाच्या अपिलांवर न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या वकिलांसाठी

ब्रिटनमध्ये स्थलांतराची आणि आश्रयाची अपिले ऐकणाऱ्या फर्स्ट-टिअर ट्रिब्युनलचे न्यायाधीश ज्युडिशियल अपॉइंटमेंट्स कमिशनमार्फत निवडले जातात, हे आपणांस ठाऊक असेलच. भारतीय पासपोर्ट आडवा येत नाही, कारण राष्ट्रकुलातील देशाचे नागरिकत्व चालते. मात्र इथली सॉलिसिटर किंवा बॅरिस्टरची पात्रता मिळाल्यानंतरचा ५ वर्षांचा अनुभव लागतो, त्याआधी मायदेशी केलेली वकिली त्यात धरली जात नाही.

या निवडीत माझे घोडे अडले ते आश्रयाच्या कायद्यातल्या जाणकारीपायी. निर्वासितांविषयीचा १९५१चा करार मुखोद्गत असल्यामुळे, चाचणीत एखादा कल्पित प्रसंग समोर येताच मी अपीलकर्त्याची छळाची भीती साधार आहे की नाही, याच्या निकालाकडे धावत सुटत असे. निवडीत मात्र तुम्ही सुनावणी कशी चालवता हे पाहिले जाते. प्रश्नांचा तपशील उघड करण्यास मनाई आहे, म्हणून प्रत्यक्ष सुनावणीतले उदाहरण देतो. अपीलकर्ता प्रत्येक प्रश्नाला नुसती मान डोलावतो. अशा वेळी चांगला न्यायाधीश पुढे जात नाही, दुभाष्याची बोली अपीलकर्त्याला नीट कळते का, हे आधी तपासून घेतो. होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याच्या प्रतिनिधीने तहकुबी मागितली, तर वकील नसलेल्या अपीलकर्त्याला ती मागणी सोप्या शब्दांत समजावून सांगतो, त्याचे म्हणणे ऐकतो आणि मगच कारणांसह आदेश देतो. ट्रिब्युनलच्या २०१४च्या कार्यपद्धती नियमांतील दुसऱ्या नियमाला अपेक्षित असलेला न्याय्यपणा तो हाच. वर्षानुवर्षे एकाच बाजूने युक्तिवाद केलेल्या माणसाच्या हे सहजासहजी अंगवळणी पडत नाही. सरावाने पडते, हेही तितकेच खरे.

पैसे घेऊन नमुना उत्तरे घोकून घेणाऱ्या शिकवण्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. त्यापेक्षा ट्रिब्युनलमध्ये मागच्या बाकावर बसून सुनावण्या ऐकाव्यात. त्या बहुधा खुल्या असतात. अर्जात ‘आम्ही’ लिहू नये. आमच्या चमूने गाजलेला खटला जिंकला, या वाक्यातून तुम्ही स्वतः काय केले ते कळत नाही, आणि गुण त्याचेच असतात.

अर्जासोबत स्वतंत्र अभिप्राय देणाऱ्या दोघांची नावे द्यावी लागतात. इथे आपल्याकडचा बड्या नावांचा सोस महागात पडतो. एखाद्या ख्यातनाम ज्येष्ठाने तुमचे काम पाहिलेच नसेल, तर तो स्तुतीपलीकडे काय लिहिणार? तुमची कागदपत्रे रोज तपासणारा वरिष्ठ निवडा आणि अर्जात कोणते प्रसंग मांडले आहेत, ते त्याला वेळेवर कळवा.